भांड्यांची राखण

मुक्ताबाईला छताखाली झोप येत नसे. छत सिमेंटचं होतं, सरकारनं बांधून दिलेलं होतं आणि तीस वर्षांत त्याला साधी चीरही गेली नव्हती, पण त्याचा काही उपयोग नव्हता. घराचा ताबा मिळाला त्याच दिवशी तिनं अंगणात चार बांबू रोवून वर पत्रा टाकून घेतला, त्याखाली बाज मांडली आणि सांगून टाकलं, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर मानूस जातंय." यावर बोलायला कुणाला तोंडच नव्हतं. भूकंपात ज्याच्या घरचं कुणी गेलं नाही असा माणूस करंजसांगवीत शोधूनही सापडला नसता.

मुरूम या बाजाराच्या गावापासून थोडं आत हे नवं गाव माळावर वसवलेलं. सरळ गल्ल्या, सारखी घरं. भूकंपानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथं घरोघरी राखण असायची. राखण म्हणजे कुत्रं नव्हे. भिंतीतल्या फळीवर एक पितळी ताट, ताटात एकावर एक उलटे-सुलटे रचलेले स्टीलचे पेले, आणि सगळ्यांत वर एक वाटी. जमीन जराशी हलली की पेल्याला पेला घासून बारीक किणकिण व्हायची. जास्त हलली तर सगळा डोलारा ताटात कोसळायचा आणि घर जागं व्हायचं. निदान बेत तरी असा होता. प्रत्यक्षात राखण पाडायची ती मांजरं. त्या काळात मांजरांनी गावाला जेवढं पळवलं तेवढं कुठल्या पुढाऱ्यानंही पळवलं नसेल. पुढं लोकांची भीती हळूहळू ओसरली, राखणी उतरल्या, आणि त्याच पेल्यांतून पाहुण्यांना पाणी मिळू लागलं. राहिली ती एकट्या मुक्ताबाईची.

तिच्या भीतीला कारण होतं आणि ते तिनं फक्त मुलाला, धम्मपालला, एकदाच सांगितलं होतं. जुन्या गावातल्या त्या पहाटे फळीवरची भांडी आधी बारीक वाजली होती. तिचा नवरा बाबू कूस बदलत म्हणाला, "कशाचा आवाज गं?" ती म्हणाली, "मांजर आसंल." तेवढ्यात लहानग्या धम्मपालला लघवीला लागली म्हणून ती त्याला घेऊन बाहेर आली. पोरगं अंगणात उभं होतं तोवर मागं घर नव्हतं आणि बाबूही नव्हता. त्यानंतर मुक्ताबाईनं दारात मांजर उभं राहू दिलं नाही, आणि फळीवरच्या कुठल्याही आवाजाला कधी कमी लेखलं नाही.

धम्मपाल मोठा होऊन डीजेवर ऑपरेटर झाला. आई कान देऊन जमिनीचा श्वास ऐकणारी, आणि मुलाचा धंदा दुसऱ्याच्या कानाचे पडदे फाडायचा! जयंतीची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की गणपती, गिऱ्हाइकाचं मागणं एकच असायचं, छातीत धडधडलं पाहिजे. धम्मपाल धडधडवून द्यायचा. स्पीकर-बॉक्सच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. कानात कापूस घालायची त्याला लाज वाटायची. कापूस घालणारा ऑपरेटर म्हणजे गॉगल लावून खुरपणी करणारी बाई, असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मग एका लग्नसराईच्या शेवटी, दिवेलागणीला, तो घरी जेवायला बसला होता. बायको भाग्यश्री भाकरी वाढत होती. पहिला घास तोंडात, आणि कानावर किणकिण आली. पेल्याला पेला घासल्याची, बारीक, न थांबणारी. ताट लाथाडून तो ओरडतच उठला. भाग्यश्रीला दंडाला धरून ओढलं, लेकीला काखेत मारलं आणि गल्लीत येऊन "हललं! बाहेर निघा!" म्हणून असा टाहो फोडला की सारी गल्ली रस्त्यावर आली. शेजारचे महारुद्र अण्णा अर्धी दाढी केलेली, अर्धी फेसानं भरलेली, अशा थाटात उभे राहिले.

काही झालं नव्हतं. आत जाऊन पाहिलं तर वाटी जागच्या जागी.

"डीजेवाल्यानं आज फुकटात नाचीवलं," अण्णा म्हणाले आणि लोक हसत घरोघर गेले. हसली नाही ती मुक्ताबाई. तिनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि कौतुकानं म्हणाली, "लेकराचा कान माझ्यावर गेलाय."

धम्मपालला मात्र घाम फुटला होता. वाटी हलली नव्हती, पेले हलले नव्हते, आणि किणकिण अजून चालूच होती.

ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, आणि तिसऱ्याही. लसूण घालून कडवलेलं तेल कानात घालून झालं. त्यानं उशीचा अभ्रा तेवढा खराब झाला. शेवटी तो सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि समोर कागद धरून समजावलं, की कानाच्या आतल्या बारीक पेशी मोठ्या आवाजानं मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत, आणि तिथून येणं बंद झालेला आवाज आता मेंदू स्वतःच तयार करतोय.

"जाईल कवा?" धम्मपालनं विचारलं.

"जाईल असं मी सांगणार नाही. सवय होईल. अगदी शांत खोलीत बसत जाऊ नका. पंखा, रेडिओ, काहीतरी हळू चालू ठेवा. आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका! ज्या घरात इतकी वर्षं कान देऊन ऐकणं हेच एक व्रत चालत आलेलं, त्या घरातल्या माणसाला डॉक्टर हे सांगत होते. पण त्यांचा तरी काय दोष? त्यांना राखण काय माहीत?

धम्मपालनं डीजेच्या नावानं कानाला खडा लावला. मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा सुरू केला, कारण खुर्च्या बोलत नाहीत. भर थंडीत डोक्याशी टेबलफॅन लावून झोपू लागला. "आवं, थंडीनं मरंल की म्या," म्हणत भाग्यश्री दोन गोधड्या ओढून घ्यायची, पण पंखा तिनं कधी बंद केला नाही. तिला सगळं सांगितलं होतं. आईला नाही. आईचं ते वाक्य, लेकराचा कान माझ्यावर गेलाय, त्याला खोटं पाडवत नव्हतं.

अशी वर्षं गेली आणि मुक्ताबाईचेच कान गेले. तिनं ते बरेच दिवस लपवलं. कुणी काही बोललं की "व्हय व्हय" म्हणायची. एकदा तिच्याजवळ कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या, डाळ करपली, धूर झाला, आणि ती शेजारी बसून शांतपणे गवारीच्या शेंगा मोडत राहिली तेव्हा उलगडा झाला. त्याच थंडीत तिच्या छातीत कफ भरला. मुरूमच्या डॉक्टरनं बजावलं, अंगणात झोपणं बंद, नाहीतर पुढच्या खेपेला माझ्याकडे आणू नका.

मुक्ताबाईनं दोन दिवस विचार केला. मग धम्मपालला बाजेवर बसवून म्हणाली, "आत निजते म्या. पर माझं कान गेलं. आता राखण तू ऐकायची. ऐकशील न्हवं?"

तिचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. भाग्यश्री दारात उभी होती. ती जमिनीकडे बघू लागली.

"ऐकतो," धम्मपाल तिच्या कानाशी ओरडून म्हणाला.

तीस वर्षांनी मुक्ताबाई छताखाली झोपली. पडल्या पडल्या घोरायला लागली. आणि धम्मपाल फळीकडं बघत बसला. आईचा जीव ज्या कानावर टाकला होता तो कान रात्रंदिवस खोटं बोलत होता, आणि हे तिला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. किणकिण वाढली की तो उठून फळीशी जायचा, वाटीला डोळे लावायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. डोळे खोल गेले. मांडवाच्या गाठी चुकू लागल्या. शेवटी उपाय काढला भाग्यश्रीनं. तिनं राखणीवरच्या वाटीत काठोकाठ पाणी भरलं, आणि खिडकीचा उजेड पाण्यात चौकोनी पडेल अशी वाटी सरकवून ठेवली.

"कानाला इचारू नका," ती म्हणाली. "डोळ्याला इचारा. चौकोन हालला तर जमिनीचं, न्हाय हालला तर तुमचं."

हे जमलं. आधी दर थोड्या वेळानं बघायचा, मग घटकाभरानं, मग दिवसातून एकदा. किणकिण गेली नव्हती, पण तिचा दात पडला होता. ती असायची, तो आपलं काम करायचा. मांडवाचं कापड शिवता शिवता एकदा ती एकदम वर चढली, तर त्यानं मान वर न करताच मनाशी म्हटलं, वाजू दे, मांजर असेल. म्हटलं आणि हातातला दाभण तसाच थांबला. हे शब्द कुणाचे होते ते आठवून त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशी त्यानं वाटीतलं पाणी तीनतीनदा पाहिलं.

दिवाळी सरली आणि जमिनीतून आवाज यायला लागले. आपल्याकडे हे नवं नाही. खाली काहीतरी लांबवर गुरगुरतं, खिडकीच्या काचा थरारतात, पेपरात गूढ आवाज म्हणून बातमी येते, कुणीतरी अधिकारी येऊन अफवांवर विश्वास ठेवू नका सांगून जातो. लोक दोन दिवस बाहेर झोपतात आणि थंडी वाजली की आत येतात. गल्लीत सगळ्यांनी गुरगुर ऐकली. धम्मपालला ती ऐकूच आली नाही. त्याच्या कानात जागाच नव्हती.

त्यानंतरची एक दुपार. भाग्यश्री अंगणवाडीत होती, लेक शाळेत. मुक्ताबाई आतल्या खोलीत पडली होती. धम्मपाल बाहेरच्या खोलीत फाटका पडदा मांडीवर घेऊन दाभणानं टाके घालत होता. पंखा चालू होता.

आणि किणकिण थांबली.

त्याला आधी वाटलं, लाइट गेली. त्यानं वर पाहिलं. पंखा फिरत होता. उलट पंखा आज नीट ऐकू येत होता. दर फेऱ्याला त्यातला एक सैल स्क्रू खट् करत होता. असा स्क्रू आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. कापडातून दोरा सरकताना सुळ् वाजत होता. चार वर्षं ज्या शांततेसाठी त्यानं तेल घातलं, सोलापूरच्या खेपा केल्या, बायकोला थंडीत कुडकुडवलं, ती शांतता आयती चालून आली होती. त्यानं आनंदानं नाचायला हवं होतं. पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

कावळा उडून गेला. अण्णांचा कुत्रा गल्लीच्या मधोमध येऊन उभा राहिला. भुंकला नाही, नुसता जमिनीकडे बघत राहिला. मग सैल स्क्रूशिवाय कुठं काहीच वाजेना.

धम्मपालनं वाटीकडं पाहिलं. पाणी स्थिर होतं. खिडकीचा चौकोन त्यात आखून ठेवल्यासारखा पडला होता. ठरल्या नियमाप्रमाणं सगळं ठीक होतं. त्यानं दाभण पुन्हा कापडात खुपसायचा, एवढंच बाकी होतं. पण त्याला ते करवेना. त्या शांततेत कुणीतरी त्याला विचारत होतं, कशाचा आवाज गं, आणि या खेपेला उत्तर त्याला द्यायचं होतं.

तो पडदा टाकून आतल्या खोलीत धावला आणि उंबऱ्यातच थबकला.

मुक्ताबाई जागी होती. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसली होती. एक तळहात कानावर घट्ट दाबलेला, आणि नजर दारावर, जशी काही त्याचीच वाट बघत होती. ठार बहिरी म्हातारी. तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि मारली असती तरी ऐकू आली नसती. त्याला पाहून तिनं दोन्ही हात पुढं केले, लहान पोर कडेवर घ्या म्हणून करतं तसे.

त्यानं तिला उचललं. बाहेरच्या खोलीतून पळताना फळीवर पेल्याला पेला घासला. बारीक, अगदी त्याच्या ओळखीचा सूर. पण हा बाहेरचा होता. मग वाटी ताटात आदळली, आणि ते अंगणात पोचेपर्यंत मागं सगळा डोलारा कोसळला. अनवाणी तळव्यांखालून जमीन गुरगुरत गेली, भरलेला ट्रक दारावरून जावा तशी. पत्रा खडखडला. मग सगळं जागच्या जागी आलं.

घर उभं होतं. गल्ली आरडाओरडा करत बाहेर आली. फार काही झालं नव्हतं. कुणाची भिंत चिरली, कुणाची बरणी फुटली. धम्मपालनं आत जाऊन पाहिलं तर मुक्ताबाईच्या उशीवर छताच्या गिलाव्याचा पोपडा पडला होता, भाकरीएवढा, चांगला जाड.

"धम्मा, तू तर आमच्या आधीच बाहीर व्हतास," महारुद्र अण्णा म्हणाले. "तुला कसं कळलं रं?"

"भांडी वाजली, अण्णा," धम्मपाल म्हणाला आणि विषय तिथंच मिटवला. आई पत्र्याखालच्या जुन्या बाजेवर बसली होती. तो तिच्याशेजारी बसला. तो पोपडा काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आता खरं सांगायलाच हवं होतं, आणि बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं तर ते गल्लीला ऐकू जाईल असंच सांगावं लागतं. त्यानं तोंड तिच्या कानाशी नेलं.

"आई, म्या तुला खोटं बोललो! माझा कान चांगला न्हाय! सारखं वाजतंय कानात, राखण वाजल्यावानी! चार वर्सं झाली! खरं कुठलं, खोटं कुठलं, मला कळतच न्हाय!"

गल्लीतली दोनचार माणसं वळून बघू लागली. मुक्ताबाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"कसं वाजतंय? पेल्याला पेला घासल्यावानी?"

"व्हय."

"बारीक? आन् थांबतच न्हाय?"

"व्हय, आई."

ती नखानं बाजेचा सुंभ उकरत राहिली.

"माझं तर त्या दिसापासनं वाजतंय," ती म्हणाली. "बाबू गेला तवापासनं. म्या समजायची राखण वाजतीया. उठायची, बघायची, तर वाटी जाग्यावर. पुन्हा निजायची, पुन्हा वाजायची. म्हनून तर आत निजत नव्हते. आता समदं गेलं. तुझा आवाज गेला, कोंबडा गेला. तेवढं न्हाय गेलं."

धम्मपालला रडू कोसळलं. तीस वर्षं, उन्हाळे-पावसाळे, ही बाई पत्र्याखाली बसून स्वतःच्याच कानाची राखण करत होती, आणि हा नुसता आजार आहे, आई, असं तिला सांगणारं एक माणूस भेटलं नाही. भेटलं होतं, घरातच होतं, पण ते स्वतःचं पाप झाकत बसलं होतं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून, कुणाची पर्वा न करता, हुंदके देऊन रडला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. मग तो हात थांबला.

"धम्मा," ती हळूच म्हणाली. बहिरी झाल्यापासून ती इतकं हळू कधी बोलली नव्हती. "मघाशी ते थांबलं व्हतं."

त्यानं डोकं वर केलं.

"नीज लागली व्हती. येकदम थांबलं, म्हनून जाग आली." तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "तुझंबी?"

त्यानं मान हलवली. दोघंही अंगणातल्या मातीकडे बघत राहिले. ऊन उतरलं, लोक घरोघर गेले, भाग्यश्री लेकीला घेऊन धावत आली, तिला सगळं सांगून झालं, तरी त्याच्या कानात अजून काहीच नव्हतं. सैल स्क्रू तेवढा आतून खट् खट् करत होता. ही शांतता जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही हे मायलेकांनी एकमेकांना न विचारताच ठरवलं.

दिवे लागायच्या वेळेला लांबून काहीतरी बारीक सुरू झालं. धम्मपालनं श्वास रोखला. ते जवळ आलं, वर चढलं, आणि नेहमीच्या जागी येऊन बसलं.

"आलं," मुक्ताबाई म्हणाली.

त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वतःच्या पायांनी घरात गेली. मागोमाग आलेल्या भाग्यश्रीनं पंखा बंद केला आणि सांडलेले पेले विसळून ठेवले. त्यातल्या एकात पाणी घेऊन मुक्ताबाई प्यायली आणि पेला मोरीत पालथा घातला. राखण पुन्हा रचली नाही. पोपडा पडलेली जागा टाळून पलंग जरा सरकवून घेतला आणि आडवी झाली.

धम्मपालनं पंखा लावायला हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"वाजतंय का रं?" आतून आईनं विचारलं.

तो दारात जाऊन उभा राहिला आणि तिला दिसेल अशी मान हलवली.

"माझंबी वाजतंय. नीज आता," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

तो अंथरुणावर येऊन पडला. पंख्याविना खोली सुनसान होती आणि कानातली किणकिण चांगली मोठी ऐकू येत होती. चार वर्षं ती जावी म्हणून तो तडफडला होता. आता ती थांबू नये म्हणून तो कान देऊन जागा राहिला.